कागदात नसलेला विळा

अवजाराचा इतिहास लिहायचा असेल तर जपानी बोन्सायची कात्री घ्या, काम सोपं होईल. निदान सुरुवात तरी. चांगल्या कात्रीवर घडवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं; नावावरून घराणं सापडतं, घराण्यावरून काळ. १८७६ साली जपान सरकारने तलवार बाळगून फिरायला बंदी घातली आणि तलवारी घडवणारे बरेच लोहार सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. बोन्सायवाले एक वाकड्या तोंडाची पक्कडही वापरतात. ती फांदी बुंध्यालगत खोलगट कापते, म्हणजे जखम भरल्यावर तिथे गाठ राहत नाही. इथे कापलेलं दिसू नये, हाच अवजाराचा हेतू.

झाड मुद्दाम बुटकं ठेवण्याचं काम आपल्याकडेही चालतं, फक्त त्याला कुणी कला म्हणत नाही. भंडारा जिल्ह्यातला लाखांदूर तालुका बघा. चुलबंदचा परिसर, वैनगंगा ओलांडली की वडसा, आणि सगळा मुलूख झाडीपट्टीचा. इथल्या जंगलात तेंदू आहे. हे आबनूसाच्या कुळातलं झाड. सोडून दिलं तर चांगलं उंच वाढतं. पण विडीला लागतं कोवळं, मऊ, न फाटणारं पान, आणि तसं पान झुडपाला आलेल्या नव्या फुटव्यावर मिळतं. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटतात. याला खुटकटाई म्हणतात. साधारण दीड महिन्यात पान तोडायला येतं. बोन्सायमध्ये जखम लपवायची असते, इथे जखमेवरच पीक घ्यायचं असतं.

आता मला सांगा, खुटकटाईच्या विळ्याचा इतिहास कुठे शोधाल?

मी आधी कायद्याकडे गेले. महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९. या कायद्याने तेंदूपानांच्या व्यापारावर राज्याचं नियंत्रण आलं. त्यामागोमाग येणारी कागदांची भाषा मोजणीची: घटक, लिलाव, दर, पुडे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. (फळीवर पुडे मोजणाऱ्याचा वेग एकदा बघाच!) जे विकलं जातं ते मोजलं जातं. विळा किंवा कुऱ्हाड मात्र मजुराच्या घरची. तीच धान कापायला, तीच कुंपणाला, तीच जंगलात. गावच्या लोहाराने घडवली, धान्याच्या बदल्यात पाजवून दिली. ना पावती, ना शिक्का. पहिले काही महिने मी ‘साधन सापडत नाही’ एवढंच टिपत बसले होते.

वाट सापडली ती उलट्या बाजूने. छाटणी हातून झाली नाही, मजुरी परवडली नाही किंवा वेळ उरला नाही, तर नवा पाला फुटावा म्हणून काही ठिकाणी जंगलाला आग लावतात. म्हणजे आगही छाटणीचं अवजारच झालं, आणि विळ्याची जागा घेणारं. विळ्याची नोंद कुणी ठेवत नाही, पण वणव्याची वनखातं ठेवतं: तारीख, जागा, जळालेलं क्षेत्र. या नोंदी खुटकटाईच्या हंगामाशेजारी ठेवल्या की, अवजार कुठे कमी पडलं असावं, याचा अंदाज येऊ लागतो.

अंदाजच हं! घाईत निष्कर्ष काढू नका. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणूनही झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो हंगामही याच सुमाराचा. तारखेवरून दोन्ही आगी वेगळ्या करता येत नाहीत. जागेवरून थोडंफार जमतं: मोहाच्या एकेकट्या मोठ्या झाडांखाली सुरुवात झाली की तेंदूच्या झुडपांत. नोंदीत एवढा तपशील नसेल तर त्या आगीला ‘कारण अनिश्चित’ म्हणायचं आणि पुढे जायचं. माझ्या तक्त्यात हाच रकाना सगळ्यात लांब आहे. मार्गदर्शकांना तो खटकतो, पण मी तो तसाच ठेवलाय.

दुसरं साधन म्हणजे खुंट. वर्षानुवर्षं छाटलेल्या तेंदूचा बुडखा जमिनीशी गाठाळ होतो. धारदार विळ्याचा काप तिरपा आणि गुळगुळीत, बोथट कुऱ्हाडीने साल फाटते. हे मला पुस्तकाने नाही, पाने तोडणाऱ्या बायांनी दाखवलं. तेव्हा फील्डवर्कला मे महिन्यात फळीवर जाऊ नका, तिथे तुम्हाला फक्त पुडे दिसतील. फेब्रुवारीत जा, सकाळी लवकर, आणि प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. आधी विचारा, विळा कुणाकडून पाजवून आणला.