पत्रिकेतले विशेषण

गुडीहत्नूर हे गाव गोव्यातल्या वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आदिलाबाद मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की ते लागते, आणि तिथूनच इंद्रवेल्ली-उटनूरकडे जाणारा फाटा फुटतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. नकाशावर रेषा ओढली गेली, मराठी बोलणारी घरे मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिली. त्यांपैकीच एका घरात माझे साडू राहतात. शाळेत चित्रकला शिकवतात आणि दिवाळीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारी-गुसाडी नाचाची, मोरपिसांच्या त्या भल्यामोठ्या टोपांची चित्रे काढतात.

त्यांचा फोन आला. आदिलाबादला प्रदर्शन ठरले होते, आयुष्यातले पहिले. "साडूभाऊ, तुम्ही सरकारी पत्रिका काढता, आमचीही एक नीट करून द्या." सोबत त्यांनी कच्चा मजकूर पाठवला. त्यात पाहुण्यांची नावे अकरा, चित्रांबद्दल एकही ओळ नाही आणि स्वतःच्या नावाआधी एवढेच: "आदिवासी भागातील होतकरू शिक्षक-चित्रकार". वय वर्षे बावन्न!

आम्हा कारकुनांना हा साचा तोंडपाठ असतो. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सन्माननीय उपस्थिती, आणि सर्वांत खाली, जागा उरली तर, ज्याची चित्रे त्याचे नाव. मजकूर मंजुरीसाठी वर जातो तेव्हा दुरुस्ती होते ती नावांच्या क्रमात. चित्रांविषयी कोणी शेरा मारल्याचे मला आठवत नाही. असो.

साडूंचा कागद वाचताना मला आपल्या साळगावच्या सोझाची आठवण झाली. फ्रान्सिस न्यूटन सोझा, जन्म १९२४, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४५ साली काढून टाकलेला विद्यार्थी. त्याने १९४७ साली रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. या ग्रुपचे मुंबईतले प्रदर्शन ७ जुलै १९४९ रोजी रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात उघडले. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा व्हायची होती, ती १९५२ ची. उद्घाटक होते कादंबरीकार मुल्कराज आनंद.

या मंडळींना प्रसिद्धीचे तंत्र नवे नव्हते. पंढरपूरला जन्मलेले हुसेन सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून जगले होते. रझा एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी करत. आजच्या मुलांना ब्लॉक म्हणजे काय हे सांगावे लागेल. मजकूर शिशाचे खिळे जुळवून छापत, पण चित्र छापायचे तर त्याचा जाळीतून फोटो घेऊन, धातूच्या पत्र्यावर ते तेजाबाने कोरून, तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकावा लागे. रंगीत छपाईला प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा. खर्च इतका की गरीब चित्रकाराच्या प्रदर्शनाचा कागद हा मुख्यतः शब्दांचाच कागद असे. शिवाय त्यांचे पाठीराखेही याच धंद्यातले. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, आणि त्याच पत्रात कलासमीक्षा लिहिणाऱ्या रुडी फॉन लायडन यांनी आधी जाहिरातकलेचा स्टुडिओ चालवला होता. थोडक्यात, चार गोड वाक्ये लिहवून घेणे त्यांना अवघड नव्हते.

तरी कॅटलॉगचे निवेदन लिहिले पंचविशीतल्या सोझाने, इंग्रजीत, आणि त्यात गोड काहीही नव्हते. आशय आणि तंत्र या दोन्हींबाबत आम्ही पूर्ण मोकळे आहोत, रचनेचे आणि रंगसंगतीचे मूलभूत नियम तेवढे मानतो, कुठल्याही जुन्या शैलीचे पुनरुज्जीवन आम्हाला करायचे नाही, असा त्याचा सूर. त्याहून धीट भाग पुढचा. आरंभीच्या जाहीरनाम्यातला डावा अभिनिवेश आता सोडला आहे आणि लोक व आपण यांच्यात न सांधणारी दरी असल्याचे काम करता करता कळले, असे तो तिथे लिहून मोकळा झाला. लोकांनी चित्रे बघायला यावे म्हणून काढलेल्या कागदावर हे! मला त्याचे म्हणणे पटत नाही. रस्त्यावरच्या गर्दीसाठी पोस्टरे रंगवलेल्या हुसेनने निवेदन लिहिले असते तर वेगळे उतरले असते, असे वाटते. पण त्या निवेदनाशिवाय या ग्रुपचा इतिहास आजही कोणाला लिहिता येत नाही. सोझा त्याच वर्षी लंडनला गेला, पुढच्या वर्षी रझा फ्रान्सला, आणि काही वर्षांत ग्रुप विस्कटला.

सहांमधले पाच जण कोणत्या ना कोणत्या कलाशाळेतून आले होते किंवा निदान तिचा उंबरा चढले होते. कृष्णाजी हौळाजी आरा यांचे तसे नव्हते. जन्म १९१४, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे गुडीहत्नूरवरून जाणाऱ्या त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडचा. वडील ड्रायव्हर. आई लहानपणीच गेली आणि सातव्या वर्षी हा मुलगा पळून मुंबईला आला. मोटारी धुतल्या, घरकाम केले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला. फॉन लायडन यांनी त्याची चित्रे हेरली. पण तेव्हापासून आराविषयीचा कुठलाही कागद उचला, फुलदाणीच्या आधी मोटारी धुणे येते. हेतू कौतुकाचाच असतो, पण वाचणाऱ्याची नजर चित्रावर पोचण्याआधीच मऊ होते, आणि "नोकर असून किती छान" या शब्दांत एक पायरी गुपचूप खाली ढकललेली असते. सोझाला आपली ओळख आपल्या शब्दांत देता आली. आराची ओळख दुसऱ्यांनी लिहिली.

हे सगळे मी साडूंना फोनवर सांगितले आणि "आदिवासी भागातील होतकरू" खोडायचा आग्रह धरला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "तुमचं खरं आहे, पण हा शब्द काढला तर पेपरवाला बातमी छापणार नाही. अन् पाहुण्यांची नावं काढली तर हॉल मिळणार नाही." यावर पणजीत बसून काय उत्तर देणार? शिवाय मी म्हटले की, नाचणारे गोंड आहेत, तुम्ही नाही, मग तो शब्द तुमच्या नावामागे कशाला? यावर मात्र ते बराच वेळ गप्प राहिले.

शेवटी तडजोड झाली. पाहुणे पहिल्या पानावर राहिले, "होतकरू" गेले, "आदिवासी" हा शब्द नावामागून निघून चित्रांच्या विषयात गेला, तोही "गोंड" असा नेमका होऊन. आणि आतल्या पानावर त्यांच्याच हातची पाच वाक्ये, मराठीत आणि शेजारी तेलुगूत. त्यांतले एक असे: मोरपिसाचा हिरवा मला अजून सापडलेला नाही, म्हणून मी तोच टोप पुन्हा पुन्हा काढतो. मी त्यात वेलांटीसुद्धा बदलली नाही.

आरा १९८५ साली गेले. मुंबईतल्या आर्टिस्ट्स सेंटरचे सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले होते, आणि ज्यांना कोणी ओळखत नव्हते अशा तरुण चित्रकारांना त्यांनी आधार दिला. त्या पोरांच्या पत्रिकांवर कोणती विशेषणे छापली गेली, त्या आज कोणाच्या कपाटात असतील तर मला बघायला आवडतील.