पोटभर खाणारा उंदीर

पाळलेला पांढरा उंदीर लठ्ठ झाला तर त्याचे वजन कसे उतरवावे, हा प्रश्न ऐकून कुणालाही हसू येईल. आपल्याकडे उंदराला खाण्यापासून दूर कसे ठेवावे याचीच विवंचना अधिक. पण शास्त्रज्ञांना हा प्रश्न सोडवायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. कारण साधे आहे : लठ्ठ उंदीर ही काही अडचण आहे असे कुणाला वाटतच नव्हते.

इथे उंदीर म्हणजे स्वयंपाकघरातला पिटुकला उंदीर नव्हे. रॅटस नॉर्वेजिकस ही मोठी जात. तिच्या नावात नॉर्वे असला तरी मूळ आशियातले. तिचाच पांढरा वाण प्रयोगशाळांत आणि पाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यांत आढळतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आहारशास्त्राने या उंदराला हाताशी धरले. जीवनसत्त्वांचा शोध चालू होता आणि आहार चांगला की वाईट हे ठरवण्याची कसोटी एकच होती : पिल्लू किती झपाट्याने वाढते. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाच्या दशकात भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना खाऊ घातले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत वजनदार निघाले, त्यानंतर पठाण, तिसरे आपले मराठे. मद्रासी आहारावरचे सर्वांत हलके. कुपोषणाच्या त्या काळात ही कसोटी योग्यच होती. मात्र तिच्यातून नकळत एक समजूत रुजली, की जड उंदीर तो निरोगी उंदीर.

तिला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या क्लाइव्ह मॅके यांनी. वाढ रोखलेले उंदीर जास्त जगतात असे ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच नोंदवले होते. खुद्द मॅके यांना ट्राउट माशांवर काम करताना तसेच काही दिसले होते. १९३५ मध्ये त्यांनी मेरी क्रॉवेल आणि लिओनार्ड मेनार्ड यांच्यासह १०६ पांढऱ्या उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हवे तितके खाणारे नर सरासरी ४८३ दिवस जगले. ज्यांचे खाणे मोजून कमी केले होते त्या दोन गटांतील नर ८२० आणि ८९४ दिवस जगले. माद्यांमध्ये मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हा प्रयोग सांगताना माद्यांची गोष्ट पुष्कळदा गाळली जाते; विद्यार्थ्यांना ती जरूर सांगावी.

या प्रयोगातली खरी मेख वेगळीच आहे. मॅके यांनी उंदरांची नुसती उपासमार केली नाही. उष्मांक कमी केले, पण प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे पुरेशी मिळतील याची काळजी घेतली. कमी खाणे आणि निकस खाणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. उंदराचे वजन सुरक्षितपणे उतरवण्याची गुरुकिल्ली हीच. तरीही त्यांचा कित्ता जसाच्या तसा गिरवू नये. त्यांनी पिल्लांची वाढच खुंटवली होती. वाढत्या पिल्लाचे, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीचे खाणे तोडणे हा घरचा उद्योग नव्हे.

इतर सोप्या वाटणाऱ्या वाटा पुढे एकेक करून बंद झाल्या. खाद्यात न पचणारा चोथा मिसळावा म्हटले, तर अ‍ॅडॉल्फ यांनी १९४७ मध्ये दाखवले की उंदीर तेवढे जास्त खाऊन उष्मांकांची भरपाई करतो. १९७६ मध्ये स्क्लाफानी आणि स्प्रिंगर यांनी उंदरांना दुकानातली बिस्किटे, चॉकलेट, चीज, सलामी असा मेवा दिला आणि ते झपाट्याने फुगले. मग मेवा बंद केला की झाले? बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० मध्ये आढळले, की साधे खाद्य पुन्हा सुरू केल्यावरही लठ्ठपणा टिकून राहू शकतो.

सर्वांत भयंकर निष्कर्ष १९६७ चा आहे. राउटेनबर्ग आणि कुझनेसॉफ यांनी उंदरांना दिवसातून एकच तास खाणे दिले आणि पिंजऱ्यात धावण्याचे चाक ठेवले. उंदीर दिवसेंदिवस अधिक धावू लागले, कमी खाऊ लागले आणि अखेर मेले. चाक नसलेले उंदीर त्याच वेळापत्रकावर तगले. उपास आणि व्यायाम एकदम लादणे उंदराच्या जिवावर बेतते, ते असे.

औषधे आणि रसायने कर्करोगकारक आहेत का हे पाहण्यासाठी उंदरांवर दोन-दोन वर्षे चाचण्या चालतात. त्यांतले तुलनेसाठी ठेवलेले उंदीर पोटभर खाऊन मूत्रपिंडाच्या विकारांनी आणि गाठींनी आधीच मरू लागले, तेव्हा १९९० च्या दशकात कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफक, मोजून दिलेल्या खाण्याचा आग्रह धरला. २०१० मध्ये मॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर लिहिले, की प्रयोगशाळेतला हा ‘सामान्य’ उंदीरच मुळी आजारी आहे. ज्याच्याशी ताडून पाहायचे तोच बिघडलेला असेल, तर तुलनेला अर्थ किती उरतो?

आता पिंजऱ्यातल्या लठ्ठ उंदराकडे वळू. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, बिस्किटे आणि मुलांच्या डब्यातला खाऊ आधी बंद करावा. सरमिसळ खाद्यातून उंदीर चविष्ट तेवढे वेचतो, म्हणून सर्व घटक असलेल्या तयार गोळ्या द्याव्यात. तो रोज किती खातो ते आठवडाभर तोलून लिहावे आणि मग त्यात थोडी थोडी घट करावी. पाणी कधीही तोडू नये. दोन उंदीर एकत्र असतील तर दांडगा दुसऱ्याचा वाटा खातो, तेव्हा गोळ्या दोन-तीन ठिकाणी विखरून ठेवाव्यात. त्या हुडकण्यात हालचालही होते. वजन आठवड्याला एकदा, ठरावीक वेळी करावे. घट सावकाश, काही आठवड्यांत व्हावी. ती एकाएकी झाली, किंवा केस पिंजारून उंदीर कोपऱ्यात बसू लागला, तर मोजमाप बाजूला ठेवून त्याला पशुवैद्याकडे न्यावे.