गारवा कोणाच्या वाट्याला?

यंत्राने हवा गार करण्याचा इतिहास शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हा कामगारांना तो दुसऱ्या अंगाने वाचावा लागतो: गारवा आधी कोणाला मिळाला आणि शेवटी कोणाला?

१९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनियराने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली योजना आखली, ती तेथील माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगे, आकसे, आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. पहिला मान कागदाचा! १९३८ च्या सुमारास फ्रेडरिक जोन्स या स्वतःच्या बळावर शिकलेल्या निग्रो कारागिराने मालट्रकवर टिकेल असे शीतयंत्र तयार केले. दुसरा मान नाशवंत मालाचा. पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मोटारींत गार हवा दिली. तिसरा मान धनिकाचा.

त्या पॅकार्डमध्ये गारवा बंद करावयाचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. १९५४ साली नॅश कंपनीने सारी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली व कॉम्प्रेसरला विजेचा क्लच जोडला. तेव्हापासून गारव्याचा बिघाड हा विजेचाही बिघाड झाला.

हे ज्याला उमगले नाही तो गॅरेजात जाताच ‘गॅस संपला’ म्हणतो. गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आधी पट्टा पाहावा, मग फ्यूज, मग क्लच कट्‌कन लागतो की नाही ते ऐकावे. पुढची जाळी धुळीने आणि कपाशीच्या तंतूंनी बुजली आहे काय, हेही आपल्या खानदेशात पाहावेच. गॅसची पाळी शेवटची.

आता चालकाकडे येऊ. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने त्याच्या कामाला दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घातली. तास मोजले गेले; उष्णता मोजली गेली नाही. वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने केळी घेऊन निघालेल्या ट्रकची केबिन इंजिनाच्या धगीने भट्टी होते. तापलेल्या माणसाचे लक्ष ढळते, आणि त्याची किंमत रस्त्यावरचे सारेच देतात. अखेर डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. कागदाला मिळालेला गारवा चालकापर्यंत यावयास सव्वाशे वर्षे लागली.

पण हा नियम नव्या गाड्यांचा आहे. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो लागू नाही. नव्या गाडीतलेही यंत्र उद्या बंद पडेल. तेव्हा ते दुरुस्त कोणी करावयाचे, आणि डिझेल वाचावे म्हणून ते बंद ठेवण्याचा हुकूम सुटला तर चालकाने दाद कोठे मागावयाची? फ्यूज बदलणे सोपे आहे. या प्रश्नांची उत्तरे मात्र संघटनेला मिळवावी लागतील, आणि तिच्या पाठीशी तुम्ही नागरिक उभे राहिलात तरच ती लवकर मिळतील.