पगार नाही, उलट वर्गणी! चिली देशातले स्वयंसेवी अग्निशमन दल चालते कसे?

कडब्याच्या गंजीला किंवा उसाच्या फडाला आग लागली, की गावातून पहिला फोन जातो तालुक्याला. बंब येईस्तोवर निम्मे जळून गेलेले असते. गावोगाव पगारी दल ठेवणे सोपे नाही. म्हणून जगात अनेक ठिकाणी गावातलेच लोक शिकून-सवरून हे काम करतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, जपान, अमेरिका या देशांत अशी दले आहेत. पण दक्षिण अमेरिकेतील चिली देश याही पुढे गेला आहे. तिथे राजधानीसह सगळीकडे घरादारांची आग विझवणारे जवान बिनपगारी आहेत. त्यांना स्पॅनिश भाषेत ‘बोंबेरोस’ म्हणतात. ‘बोंबा’ म्हणजे पंप. कानाला आपल्या बंबासारखाच शब्द.

सुरुवात कशी झाली?

वालपराइसो हे चिलीचे मोठे बंदर. डिसेंबर 1850 मध्ये तिथे मोठी आग लागून बाजारपेठेचे नुकसान झाले. त्यानंतर 30 जून 1851 रोजी शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन देशातले पहिले स्वयंसेवी दल उभे केले. आजही 30 जून हा तिथे अग्निशमन जवानांचा दिवस म्हणून पाळतात.

राजधानी सांतियागोला मात्र मोठी किंमत मोजावी लागली. 8 डिसेंबर 1863 रोजी सणाच्या दिवशी तिथल्या एका चर्चमध्ये आग लागली. दाराशी चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे 2 हजार माणसे गेली. त्यात बायकाच जास्त. काही दिवसांतच होसे लुइस क्लारो यांनी वर्तमानपत्रातून तरुणांना बोलावले आणि 20 डिसेंबरला दल स्थापन झाले.

काम कसे चालते?

आज देशभरात सुमारे 50 हजार स्वयंसेवक आहेत. कोणी मास्तर, कोणी दुकानदार, कोणी कॉलेजची पोरं. दल छोट्या-छोट्या तुकड्यांत विभागलेले असते. प्रत्येक तुकडीचे स्वतःचे ठाणे असते. तुकडीचा कॅप्टन सभासद मत देऊन निवडतात. पण आगीच्या जागी त्याचा हुकूम शेवटचा. काही तरुण स्वयंसेवक रात्रीच्या पाळीला ठाण्यातच झोपतात, म्हणजे रात्री फोन आला तरी गाडी लगेच निघते. बऱ्याच ठाण्यांत गाडीचा ड्रायव्हर तेवढा पगारी असतो.

आगीवर जाण्याआधी प्रशिक्षण सक्तीचे. त्यासाठी त्यांची राष्ट्रीय अकादमी आहे. रस्त्यावरचे अपघात, भूकंप, गॅसगळती अशा वेळीही हेच लोक धावतात. मदतीसाठी तिथे 132 नंबर फिरवतात.

पैसा कुठून येतो?

स्वयंसेवकाला पगार तर नाहीच, उलट तोच तुकडीला दरमहा वर्गणी देतो. त्याशिवाय सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या असतात. सोडती काढूनही पैसा जमवतात. 2012 मध्ये सरकारने या दलांसाठी खास कायदाही केला. तरी गाड्या आणि साहित्य महाग असल्याने पैशाची ओढाताण असतेच.

आपल्या गावाने यातून काय घ्यावे?

आग लागली की आपल्याकडेही माणसे धावतात. कोणी ट्रॅक्टरला टँकर जोडतो, कोणी फवारणीचा ब्लोअर आणतो, कोणी विहिरीवरची मोटर चालू करतो. धावणाऱ्यांची कमी नाही. कमी आहे ती आधी ठरवून ठेवण्याची. चिलीतल्या दलाचे बळ नुसत्या मोठ्या मनात नाही, तर पाळी, सराव आणि एकाचा हुकूम यात आहे.

बंब विकत न घेताही ग्रामसभेत एवढे ठरवता येते:

- भरलेला टँकर कोणाच्या दारात उभा राहील आणि चावी कोणाकडे असेल.
- 101 किंवा 112 ला फोन कोण करेल आणि फाट्यावर बंबाला वाट दाखवायला कोण थांबेल.
- वीज बंद करायला वायरमनला कोण कळवेल. तारेखाली आग असेल, तर वीज बंद झाल्याशिवाय पाणी मारू नये.
- माणसे आधी, मग जनावरे, मग माल, हा क्रम सगळ्यांना माहीत असावा.

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबई बंदरातल्या स्फोटात आग विझवताना गेलेल्या जवानांच्या आठवणीत तो पाळतात. उन्हाचे आणि आगीचे दिवसही तेच. गावात वर्षातून एकदा सराव घ्यायचा, तर हा आठवडा सोयीचा.