कडेवरचं मूल घेऊन या

घोलवडला गाडीतून उतरता तेव्हा तुमचा मोबाइल मेलेला असतो. घाबरू नका. साल 1958 आहे, तो चालू असता तरच घाबरायचं. जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा व्हायला अजून 56 वर्षं आहेत आणि महाराष्ट्र व्हायला दोन. जुलैचा पाऊस लागून राहिलाय. चिकूच्या वाड्या मागं टाकून तुम्ही कोसबाडच्या टेकडीची वाट धरता आणि पहिल्या चढावरच तुमचे बूट चिखलात रुततात. पुढं चालणारी वारली बाई अनवाणी झपाझप चढून जाते. मागं वळून हसत मात्र नाही. शर्ट-पँट घातलेला माणूस दिसला की हसायची सवय इथं कुणाला नाही. तेरा वर्षांपूर्वी, 1945 साली, याच मुलखात किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांबरोबर वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. तोवर शर्टवाला यायचा तो फुकट राबवून घ्यायलाच. शाळेवालाही शेवटी शर्टवालाच.

तुम्ही डोक्यात एक तक्ता घेऊन आला आहात. पट किती, हजेरी किती, वर्षाअखेरीला कोण पुढं गेलं. टेकडीवर पोचून तुम्ही तो विचारता. इथल्या शिक्षिका अनुताई वाघ एका पोराची नखं कापत असतात, त्या मान वर करत नाहीत. "आवणी आहे," एवढंच म्हणतात.

भाताची आवणी म्हणजे घरातले सगळे हात चिखलात. मग तान्ह्याला कोण सांभाळणार? सात-आठ वर्षांची बहीण. तिच्या कडेवर ते असतं, म्हणून ती शाळेत नसते. हजेरीच्या कोष्टकात हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं, माँटेसरीबाईंची पद्धत पचवलेली होती. 1945 मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई त्यांच्या हाताखाली आल्या, आणि दोघींना हळूहळू कळलं की खरी अडचण त्या कडेवरच्या मुलाची आहे. बोलावून पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा खेळण्यांची टोपली उचलून त्या वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. म्हणून ती अंगणवाडी. तुमच्या काळात हा शब्द सरकारी पाटीवर आहे, 2 ऑक्टोबर 1975 पासून. तो शेणानं सारवलेल्या खऱ्या अंगणातून उचललेला आहे, हे पाटीकडे पाहून कळत नाही.

इथं कोसबाडला 1957 पासून मांडणी आणखी पुढची आहे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, नाव विकासवाडी. बहिणीनं तान्ह्याला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः पाटी घेऊन बसायचं. इतकं साधं, की आधी कुणाला कसं सुचलं नाही, असं तुम्हाला वाटतं. (आधीची माणसं कचेरीत बसून विचार करत असावीत, असा माझा अंदाज.)

अशाच एका बहिणीला तुम्ही पहिल्यांदा पाहता श्रावणात. दारात उभी, आत यायला तयार नाही. कडेवरच्या भावाचं नाक वाहतंय. तिची नजर पाटीवर, हात त्याच्या पाठीवर.

मग तुम्हाला कुरणात नेतात. गुराखी पोरं शाळेकडे येणार नाहीत, गुरं शेतात शिरली तर मार बसतो. म्हणून शाळा कुरणात. नावही तेच, कुरणशाळा. ऐनाच्या झाडाखाली बसा, ओल लागली तरी उठू नका. लाकडी ठोकळ्यांचा महागडा संच इथं नाही. चिंचोके आहेत, गुंजा आहेत, शिंपले आणि खडे आहेत. एक पोरगा दहा-दहा चिंचोक्यांच्या ढिगल्या लावतोय. चौथी लावता लावता झटकन उभा राहतो, कुरणावर नजर फिरवतो आणि पळत सुटतो. शिकवणारा थांबवत नाही. थोड्या वेळानं पोरगा एका वासराला हाकत परत येतो, बसतो आणि अर्धी ढिगली पुरी करतो. त्याला अंक येत नव्हते तेव्हाही एक जनावर कमी आहे हे कळत होतंच. आता त्याला 'एकोणीस' म्हणता येतं. तुमच्या तक्त्यात याला किती गुण?

रात्री टेकडीवर कंदील जळत असतो. मोठ्या मुलांची रात्रशाळा आटोपली की अनुताई स्वतःची पुस्तकं उघडतात. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, पुढचं सगळं शिक्षण असं तुकड्यातुकड्यांनी. 1961 साली, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बी.ए. होतील. तुम्हाला हे ठाऊक आहे, त्यांना अजून नाही. सांगू नका.

भात कापून होतं, गवत कापायचे दिवस येतात आणि वर्ग पुन्हा ओसरतात. तुम्ही आता चिडत नाही. एका सकाळी एक बाप येतो, दाराशी विडी विझवतो, आत येत नाही. पोराला काय शिकवता ते बघायचंय. त्याच्यासमोर पोरगं जमिनीवर खडूनं स्वतःचं नाव लिहितं. बाप उकिडवा बसतो, अक्षरावर बोट ठेवतो आणि खडू पुसला जाईल म्हणून चटकन उचलतो. दुसऱ्या दिवशी तो कुडाला लागणाऱ्या कारवीचा भारा आणून टाकतो आणि न बोलता निघून जातो. गाव शाळेशी जोडलं गेलं, असा अहवाल तुम्ही मनात लिहू लागला असाल तर थांबा. शेजारच्या पाड्यावरून अजून एकही पोर येत नाही.

मार्चमध्ये मोहाची फुलं पडू लागतात. आठवडी बाजारात तुम्हाला ती मुलगी पुन्हा दिसते. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झालेत, पण जुने आणेही हातोहात फिरताहेत, आणि या गोंधळावर दुकानदारांचं बरं चाललंय. मीठ एक आण्याचं. ती सहा नवे पैसे पुढं करते. दुकानदार सात मागतो.

ती हलत नाही. मग ओट्यावर बोटानं मोजू लागते. रुपयाचे शंभर. पावलीचे पंचवीस. पावलीत चार आणे. सहा चोक चोवीस, सात चोक अठ्ठावीस.

"पंचविसाला जवळ कोण?" ती विचारते.

दुकानदार तिच्याकडे बघतो, मग तुमच्या शर्टाकडे, जणू हे तुम्हीच पढवलंय. तुम्ही खांदे उडवता. तो पुटपुटत सहा पैसे गल्ल्यात टाकतो.

मिठाची पुडी ओच्यात बांधून ती वळते. दोन्ही हात रिकामे आहेत, कड रिकामी आहे. भाऊ मागून चालत येतोय, मध्येच बसून खडा उचलतोय, तोंडात घालतोय. ती थांबते, त्याच्या तोंडातून खडा काढते, आणि टाकण्याऐवजी त्याच्या मुठीत ठेवून म्हणते, "एक."