‘गिल्ड’ आणि मुलामा : एका शब्दाची कुळकथा

दुबई शहराच्या पूर्वेस, शारजाच्या सीमेला लागून अल कुसैस नावाची वसाहत आहे. १९७० च्या दशकात तेथे उत्खनन होऊन इसवी सनापूर्वी दुसऱ्या व पहिल्या सहस्रकांतील दफनभूमी आणि काशाच्या वस्तू उजेडात आल्या. म्हणजे धातूची चकाकी ह्या भूमीला नवी नव्हे. आज त्याच परिसरात देशोदेशींची कष्टाळू माणसे नांदतात आणि महिन्याच्या शिलकीतून घरी नेण्यासाठी दागिना पाहतात. दागिना निवडताना प्रश्न एकच असतो : हे सोने की मुलामा? हा प्रश्न गिरमिटियांच्या वंशजांना विशेष ओळखीचा वाटावा. ज्या शब्दाभोवती तो फिरतो, त्याची कुळकथा म्हणूनच पाहण्यासारखी आहे.

सोन्याने मढविणे ह्या अर्थी इंग्रजीत ‘गिल्ड’ असे क्रियापद आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘ग्युल्डन’ असे होते आणि ते ‘गोल्ड’ ह्या नामापासूनच सिद्ध झाले. नामापासून किंवा विशेषणापासून क्रियापद होताना आतला स्वर पालटणे ही त्या भाषेची जुनी खोड आहे. ‘फुल’पासून ‘फिल’, ‘फूड’पासून ‘फीड’, तसेच ‘गोल्ड’पासून ‘गिल्ड’. ‘गिल्ट’ हे त्याचेच जुने धातुसाधित रूप होय. अपराधवाचक ‘गिल्ट’ आणि कारागिरांच्या श्रेणीचा वाचक ‘गिल्ड’ हे शब्द कानाला सारखे लागतात, परंतु त्यांचे कूळ वेगळे आहे. विद्यार्थ्यांनी ह्या सारखेपणाला फसू नये.

‘गोल्ड’ शब्दाच्या मुळाशी पिवळेपणा आणि चकाकी दर्शविणारा एक अतिप्राचीन धातू आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीतील ‘येलो’ त्याच मुळाचा आणि आपल्या संस्कृतातील ‘हरि’ व ‘हिरण्य’ हेही त्याच मुळाचे. ‘हरि’पासून ‘हरिद्रा’ आणि हरिद्रेपासून आपली हळद. तेव्हा विलायतेतील ‘गिल्ड’ आणि कोकणातल्या लग्नघरातील हळद ही दूरची भावंडे ठरतात. ज्या नवरीच्या अंगावर गुंजभर सोने नाही, तिलाही हळद सोन्याची झळाळी देते. भंडाऱ्याने माखलेल्या गडाला ‘सोन्याची जेजुरी’ म्हणणाऱ्या महाराष्ट्राला हे नाते कोणी समजावून सांगावयास नको.

मराठीतील ‘मुलामा’ मात्र अरबस्तानातून आला. अरबीत ‘लमअ’ म्हणजे चमकणे. त्यापासून ‘मुलम्मअ’ म्हणजे चमकविलेले. अरबी आणि फारसी ओळी आलटून पालटून गुंफलेल्या काव्यासही हेच नाव आहे. फारसीच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला आणि रुळला. पुढे इंग्रजी ‘गिल्ट’चे आपल्या लोकांनी ‘गिलीट’ केले. बाजारात ‘गिलिटाचे दागिने’ आले आणि त्यांच्याबरोबर फसवणुकीचा अनुभवही आला. त्या अनुभवाची साक्ष देणारा वाक्प्रचार आजही घरोघरी आहे. वरचे सोने झिजले म्हणजे ‘पितळ उघडे पडते’.

मुलामा देण्याची विद्या सोपी नव्हती. पूर्वी सोने पाऱ्यात कालवून तो लेप धातूवर चढवीत आणि मग वस्तू तापवीत. पारा वाफ होऊन उडून जाई व सोने खाली चिकटून राही. ती वाफ विषारी असे. राजवाड्यांचे कळस झळकले, पण त्यांना झळाळी देणाऱ्या कारागिरांचे हात कापू लागत आणि दात गळत. इ. स. १८०५ मध्ये इटलीच्या ब्रुन्यातेल्ली ह्याने विजेच्या साहाय्याने सोने चढवून दाखविले. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतबंधूंनी तशा पद्धतीचे एकस्व मिळविले आणि मुलाम्याचा माल कारखान्यांतून ढिगांनी बाहेर पडू लागला.

शब्दाचा अर्थही ह्याच रीतीने दुहेरी झाला. एका बाजूस ‘गिल्ड’ म्हणजे सन्मानाने सुवर्णमंडित करणे. महाराजा रणजितसिंहांनी अमृतसरच्या हरिमंदिरावर सोने चढविले ते ह्या अर्थाने. दुसऱ्या बाजूस ‘गिल्ड’ म्हणजे वाईटावर चांगल्याचे पांघरूण घालणे. कडू गोळीला सोन्याचा वर्ख लावून रोग्याच्या गळी उतरविण्याची जुन्या वैद्यांची रीत होती. तीवरून अप्रिय गोष्ट गोड करून सांगण्यास इंग्रजीत गोळी ‘गिल्ड’ करणे म्हणू लागले. अमेरिकेत मार्क ट्वेन व चार्ल्स डडली वॉर्नर ह्यांनी १८७३ मध्ये आपल्या कादंबरीला ‘द गिल्डेड एज’ असे नाव दिले, तेव्हा त्यांना सुवर्णयुग सुचवावयाचे नव्हते. वरून सोने आणि आतून लोभ, असे युग त्यांना दाखवावयाचे होते.

तोच काळ आपल्या पूर्वजांचाही होता. ‘ॲटलास’ नावाचे जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. त्यावर कलकत्त्याहून आणलेले ३६ मजूर होते आणि त्यांचा पगार दरमहा ५ रुपये ठरलेला होता. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही त्या बेटाकडे निघाली. तेथे दगड उलटला की खाली सोने सापडते, असे भरतीच्या दलालांनी सांगितल्याची आठवण त्या बेटावर पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. लोकांच्या तोंडी बेटाचे नाव ‘मारीच’ असे झाले होते. रामायणातला मारीच सोन्याच्या मृगाचे कातडे पांघरून आला होता, हे ज्यांनी कीर्तनात शंभर वेळा ऐकले होते, तीच भोळी माणसे ह्या मारीचाच्या मोहात सापडली. दगड उलटले ते उसाच्या मळ्यासाठी जमीन मोकळी करताना. त्यांच्याखाली दगडच निघाले. एक दिवस कामाचा खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

अखेर पितळ उघडे पडले. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांवरही छायाचित्राच्या परवान्याची सक्ती आली. त्याविरुद्ध ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ ह्या मळेवाल्याने १८७१ मध्ये मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला आणि त्यावर ९,००० हून अधिक मजुरांनी आपली संमती नोंदविली. दुसऱ्याच वर्षी राजकीय चौकशी आयोग बेटावर आला आणि मळ्यांवरील अन्याय सरकारी अहवालात नमूद झाला. ज्यांतील बहुतेकांना अक्षर येत नव्हते, त्या माणसांनी साम्राज्याचा मुलामा नखाने खरवडून दाखविला, असे म्हणावयास हरकत नाही.

ही कथा येथेच संपत नाही. परदेशच्या नोकरीला वर्ख लावून विकणारे दलाल आजही आहेत. म्हणूनच भारताच्या १९८३ च्या प्रवासनविषयक कायद्याने मजूर पाठविणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली. अल कुसैससारख्या वस्तीत येणाऱ्या नवख्या माणसाने दागिना जसा कसाला लावून घ्यावा, तसाच करारही लावून घ्यावा. मात्र आणखी एक मुलामा आहे आणि तो आपल्याच हातून चढतो. पूर्वज मजूर नव्हते, मोठे व्यापारी होते, घरंदाज जमीनदार होते, असे सांगण्याचा मोह काही कुटुंबांना होतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आगमनाच्या वेळच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असे सारे आहे. कारकुनाने नाव वेडेवाकडे लिहिले असेल, पण माणूस खरा आहे.

शुद्ध सोन्यावर पुन्हा सोने चढविणे हा व्यर्थ आणि हास्यास्पद खटाटोप होय, असा विचार शेक्सपिअरने ‘किंग जॉन’ नाटकात मांडला आहे. ‘गिल्ड’ ह्या शब्दाच्या साऱ्या इतिहासाचे सार त्यात आले. गाठोड्यात एक पितळी तांब्या घेऊन निघालेल्या माणसाने तो चिंचेने घासून लख्ख ठेवला आणि कधी सोन्याचा म्हणून मिरविला नाही. त्या तांब्याला त्याच्या नातवंडांनी मुलामा देण्याचे कारण नाही.