मुहतसिब, मीटर आणि जूनचं बिल

2020च्या जून महिन्यात विजेच्या बिलांवरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला होता. लॉकडाऊनमुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून मीटरचं रीडिंग घेणं थांबलं होतं. त्यानंतरची बिलं डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांची सरासरी धरून काढली गेली. जूनमध्ये माणसं पुन्हा मीटरपर्यंत पोचली आणि साठलेला सगळा फरक एकाच कागदावर उतरला. काही म्हणाले, ही लूट आहे. काही म्हणाले, वापरली असेल तर भरा. दोन्हीकडचा आवाज चढत गेला आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. बिल जास्त आलं आहे हे खरं, पण ते का जास्त आलं आहे, हे ग्राहकाला स्वतः तपासता येतं का?

हा प्रश्न विजेपेक्षा पुष्कळ जुना आहे. मोजणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो, तिथे शंका येतेच. ती शंका मिटवण्यासाठी समाजांनी काय व्यवस्था केली, हा इतिहास आपल्यासाठी परका नाही.

मापावरचा पहारा

कुरआनात मापातल्या लबाडीचा उल्लेख एकदाच येत नाही. हजरत शुऐब यांना मदयनच्या लोकांकडे पाठवलं गेलं, तेव्हा एकेश्वरवादासोबत त्यांनी दिलेला मोठा इशारा माप-तोल पुरा ठेवण्याचा होता. ‘मुतफ्फिफीन’ या नावाची स्वतंत्र सूरह आहे. स्वतः घेताना माप भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, अशा लोकांची निर्भर्त्सना तिच्या सुरुवातीलाच आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा इशारा फक्त दुकानदाराला नाही. व्यवहाराच्या दोन टोकांना दोन मापं लावणाऱ्या प्रत्येकाला तो आहे.

नुसत्या उपदेशावर बाजार चालत नाही, हे सुरुवातीच्या मुस्लिम राजवटींना ठाऊक होतं. हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिन्त अब्दुल्लाह या महिलेची नेमणूक केली होती, असं परंपरेत सांगितलं जातं. पुढे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ आणि त्याच्या खात्याला ‘हिस्बा’ म्हटलं जाऊ लागलं. आपण मराठीत रोज वापरतो तो ‘हिशेब’ याच अरबी धातूतून आला आहे. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दींनी राज्यकारभारावरच्या ग्रंथात हिस्बावर वेगळं प्रकरण लिहिलं. बाराव्या शतकातल्या अल-शैजरींनी तर मुहतसिबांसाठी चक्क कामाची पुस्तिकाच तयार केली. तराजूची पारडी तेल आणि मळ पुसून वेळोवेळी स्वच्छ करायला लावावीत, कारण तेलाचा थेंब गोठला तरी वजनात फरक पडतो, इतक्या बारकाईने ते लिहितात.

इजिप्तमध्ये आठव्या शतकातले काचेचे शिक्के मोठ्या संख्येने सापडले आहेत. मापाच्या भांड्यांवर असे शिक्के उठवले जात. त्यांवर अधिकाऱ्याचं नाव, मापाचं नाव आणि पुष्कळदा ‘वाफिन’ म्हणजे ‘पुरं’ हा शब्द असे. तेल घ्यायला आलेल्या माणसाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावं लागत नसे, भांड्यावरचा शिक्का त्याच्या डोळ्यांसमोर असे. हिंदुस्तानातही ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाच्या कामांच्या यादीत वजनं तपासणं येतं.

सांगायचं इतकंच, की न्यायाचं माप म्हणजे नुसतं अचूक माप नव्हे. ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही दिसायला हवं.

न दिसणारा माल

वीज आली आणि ही जुनी अट अवघड होऊन बसली. तेल दिसतं, धान्य हातात घेता येतं. विजेचं काय? 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. लवकरच ग्राहकांच्या जागेत त्याचे रासायनिक मीटर बसू लागले. काचेच्या बरणीत जस्ताच्या क्षाराचं द्रावण आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जमा होई. महिन्यातून एकदा कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, कचेरीत त्यांचं वजन होई आणि त्यावरून बिल निघे. मापन शास्त्रशुद्ध होतं, पण ग्राहकाला वाचता येईल असा आकडा त्यावर नव्हता. आपला हिशेब काय झाला, हे कंपनीने सांगितल्यावरच त्याला कळे.

त्या काळातला एक किस्सा एडिसनच्या चरित्रात आला आहे. वॉल स्ट्रीटवरचे बडे सावकार जे. पी. मॉर्गन यांच्या कचेरीत एडिसनची वीज होती. मॉर्गन यांना बिलाची शंका आली. त्यांनी प्रत्येक दिव्यापाशी कार्ड टांगलं. दिवा कधी लावला, कधी मालवला, हे त्यावर लिहायचं. महिनाअखेरीस बेरीज केली, तर मीटरचं बिल कार्डांपेक्षा बरंच जास्त निघालं. कंपनी खोटी ठरली, असंच सगळ्यांना वाटलं. एडिसनने आणखी महिनाभर नोंदी ठेवायची विनंती केली. फरक कायम राहिला. मग त्याने स्वतः चौकशी केली आणि उलगडा झाला. कचेरी बंद झाल्यावर झाडलोट करायला येणारा माणूस दिवे लावत होता आणि त्याला कार्डाबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याचा वापर धरल्यावर हिशेब जुळला.

हा किस्सा बहुतेकदा मीटरच्या अचूकपणाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. मॉर्गन श्रीमंत होते, त्यांच्या शंकेला मान होता, म्हणून खुद्द एडिसन त्यांच्या कचेरीत चौकशीला आला. सामान्य ग्राहकाच्या शंकेसाठी कोण येणार? त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. एक म्हणजे ग्राहकाला स्वतः वाचता येईल असा मीटर, आणि दुसरी म्हणजे कंपनीबाहेरचा पंच.

पहिली गोष्ट लवकरच आली. 1880च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शॅलेनबर्गर आणि हंगेरीत ब्लाथी यांनी विजेच्या वापराप्रमाणे फिरणारे मीटर बनवले. आपल्या घरांत कित्येक वर्षं दिसलेला, ॲल्युमिनियमची चकती गरगर फिरवणारा काळा मीटर त्याच घराण्यातला.

मुंबईत मीटर, कायद्यात पंच

मुंबईत 1905 साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ‘बेस्ट’ म्हणून ओळखली गेली. 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. या दोन्हींच्या मधल्या 1910च्या वीज कायद्यात मीटरबद्दल एक महत्त्वाचं कलम होतं. मीटर बरोबर आहे की चूक, असा वाद झाला तर निकाल कंपनीने द्यायचा नाही. कोणत्याही बाजूने अर्ज केला, की सरकारचा विद्युत निरीक्षक तो निकाल देईल. नाव इंग्रजी अमलातलं, पण काम मुहतसिबाचंच.

स्वातंत्र्यानंतर वीज सरकारी झाली. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. दर ठरवणारं, वीज विकणारं आणि तक्रार ऐकणारं घर बहुतांशी एकच होतं. 1999 साली राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दर ठरवण्याचं काम वेगळं झालं. 2003च्या वीज कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल आणले. 2005 साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. म्हणजे बिलाविरुद्ध बोलण्याची जागा ही कुणाची मेहरबानी नाही, कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

जूनच्या बिलात काय होतं

आता पुन्हा 2020कडे येऊ. त्या वर्षी रमजान आला 25 एप्रिलपासून, म्हणजे नेमका रीडिंग न घेतलेल्या काळात. मशिदी बंद होत्या, तरावीह घराघरांत झाली. सहरीला पहाटे दिवे, रात्रभर पंखे, इफ्तारसाठी दिवसभर फ्रिज, आणि सगळं कुटुंब चोवीस तास घरात. त्या महिन्यांचं बिल थंडीच्या सरासरीने निघालं होतं. मॉर्गन यांच्या कचेरीतल्या झाडूवाल्याच्या दिव्यासारखा हा वापर खरा होता, फक्त तोवर लिहिला गेला नव्हता. शिवाय 1 एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते.

म्हणून जूनचं प्रत्येक मोठं बिल खोटं नव्हतं. पण प्रत्येक बिल न तपासता मान्य करावं, असंही नव्हतं. खरी मेख टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300ला त्याहून जास्त, 301 ते 500ला आणखी जास्त आणि 500च्या पुढे सर्वांत जास्त. समजा, तीन महिन्यांत एका घराने 780 युनिट वापरले. हे एकाच महिन्याचे धरले, तर 200 युनिट तिसऱ्या टप्प्यात आणि 280 युनिट सर्वांत महाग टप्प्यात जातात. तीन महिन्यांत वाटले, तर दरमहा 260 होतात. मग पहिल्या टप्प्यात एकूण 300, दुसऱ्यात 480 आणि वरच्या दोन्ही टप्प्यांत शून्य. वापर तोच, मीटर तोच, रक्कम मात्र खूप वेगळी. त्यामुळे तेव्हा पाहायच्या गोष्टी दोन होत्या. युनिट महिन्यांवर वाटले आहेत का, आणि सरासरी बिलापोटी आधी भरलेले पैसे वजा केले आहेत का. आकडा पाहून संतापणाऱ्यांनाही आणि ‘मुकाट्याने भरा’ म्हणणाऱ्यांनाही ही दोन ओळींची तपासणी करता आली असती.

मुस्लिम वस्त्यांसाठी त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. भिवंडीत 2007पासून वीज वितरण खासगी फ्रँचायझीकडे आहे. मुंब्रा-शीळ-कळवा आणि मालेगाव इथेही ते मार्च 2020पासून गेलं. नवी कंपनी आली, तीन आठवड्यांत लॉकडाऊन लागला आणि पाठोपाठ मोठी बिलं आली. अशा वस्त्यांमधून कुणी बिलाची तक्रार घेऊन गेलं, की ‘तुमच्याकडे चोरीच जास्त’ असं ऐकावं लागतं. चोरी होत असेल तर ती चोरीच आहे. तारेवर आकडा टाकणं हेही माप मारणंच आहे, आणि त्याचा बोजा शेजाऱ्याच्या बिलावर येतो. पण कुणीतरी आकडा टाकतो म्हणून नियमाने पैसे भरणाऱ्या बाईच्या बिलातला चुकीचा आकडा बरोबर ठरत नाही. तिचा हिशेब तिच्या मीटरवर व्हायला हवा, तिच्या मोहल्ल्याच्या नावावर नव्हे.

आजचं बिल वाचताना

बिल अचानक वाढलं, की आधी रक्कम बाजूला ठेवून युनिट पाहावेत. मागच्या वर्षी याच महिन्यात किती होते? बिल किती दिवसांचं आहे? चालू रीडिंगच्या जागी आकडा आहे, की ‘लॉक’, ‘फॉल्टी’ असा शेरा? शेरा असेल तर बिल सरासरीचं आहे आणि पुढे फरक येणारच. बिलावरचा मीटर क्रमांक आणि घरातला मीटर क्रमांक एकच आहे ना? चाळीत आणि इमारतीच्या मीटरपेटीत अदलाबदल होऊ शकते. युनिट तेवढेच असूनही रक्कम वाढली असेल, तर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क आणि थकबाकी या ओळी मागच्या बिलाशी ताडून पाहाव्यात.

युनिटच वाढले असतील, तर घराचा मेन स्विच बंद करून मीटरचा लाल दिवा पाहावा. मीटरवर 3200 हा आकडा असेल, तर दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. सगळं बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर मीटरमध्ये दोष आहे किंवा कुणीतरी आपल्या मीटरवरून वीज घेत आहे. थांबला, तर मेन चालू करून एकेक वस्तू लावत जावी. जुना फ्रिज, गिझर, पाण्याची मोटर यांपैकी काहीतरी सापडतं. मॉर्गन यांच्या कार्डांचीच ही पद्धत आहे, फक्त घरातल्या प्रत्येकाला त्यात धरायला विसरू नये.

एवढं करूनही हिशेब जुळत नसेल, तर लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि मीटर तपासणीची मागणी करावी. समाधान झालं नाही, तर मंच आणि त्यानंतर लोकपाल. 2003च्या कायद्याचं कलम 56 लक्षात ठेवण्यासारखं आहे. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद चालू असताना मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर त्या वादापोटी वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपूर्वीची रक्कम बिलात सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर तिची वसुली करता येत नाही.

आठव्या शतकातल्या इजिप्तमधल्या ग्राहकाला भांड्यावरचा ‘वाफिन’ हा शब्द शोधावा लागे. आपल्याला मीटरवरचा आकडा, बिलावरचा आकडा आणि त्यांच्यामधली वजाबाकी पाहावी लागते. मागची बारा बिलं एका फाइलीत लावून ठेवली, तर ती वजाबाकी पाच मिनिटांत होते. आणि आपल्या मोहल्ल्यात ज्यांना हा कागद वाचता येत नाही, त्यांना तो वाचून दाखवणारं कुणीतरी शिकलेलं पोरगं प्रत्येक गल्लीत असतंच. जुमाच्या नमाजनंतरचा अर्धा तास त्याने या कामाला दिला, तर हिस्बाचं थोडं काम तिथेच होऊन जाईल.